टर्बोसाठी इंजिन बांधताय? आधी रिंगांचा गॅप मोजा

जुन्या एस्टीमचं 1.3 लिटर इंजिन समोर धरून लिहितोय, जिप्सी किंगवाल्यांनाही चालेल. मागचं इंजिन रिंगांच्या (पिस्टनवरच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांच्या) गॅपपायी, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीपायी गेलं, त्यामुळे रिंगांवर जास्त बोलणार.

खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट. बेअरिंग कॅपवर नंबर. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील सगळं नवं, त्यात चर्चा कसली?

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत बोअर करायला न्यायचा नाही. कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा ते लिहा आणि चारही बोरिंगवाल्याकडे द्या. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला क्लिअरन्सही (बोअर आणि पिस्टनमधली मोकळी जागा) जास्त लागतो. ‘कंपनीच्या मापात करून देतो भाऊ’ असं ऐकू आलं की तिथंच थांबवा आणि पिस्टनसोबत आलेला कागद दाखवा. कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 8.5 च्या आसपास आणायचं ते खोलगट डोक्याच्या पिस्टननं. दोन हेड गॅस्केट एकावर एक ठेवून ते उतरवणारे अजून भेटतात. कॉम्प्रेशन उतरते, पण गॅस्केट बूस्टमध्ये (टर्बोच्या जादा दाबाखाली) टिकत नाही.

आता रिंगा. पाकीट फोडून सरळ पिस्टनवर चढवायच्या नाहीत. 74 मिमी बोअरमधल्या रिंगेचा घेर 232 मिमी. ती 100 अंशांनी तापली की जवळपास पाव मिमी वाढते. बोअरही वाढतो, पण त्याच्या मागं पाणी फिरतं, तो रिंगेइतका तापत नाही. साध्या इंजिनात कमी गॅप खपून जातो. बूस्टमध्ये रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये आवळते आणि पिस्टनच्या खाचेची कड तुटते. नुसत्या आयडलवर यातलं काही कळत नाही, गाडी गोड चालते.

म्हणून मोजा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घाला, उलट्या पिस्टननं सरळ खाली ढकला आणि गॅपमध्ये फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावा. पिस्टनसोबतचा कागद नसेल तर रस्त्यावरच्या टर्बोला बोअरच्या दर मिलीमीटरला साडेपाच मायक्रॉन धरा, म्हणजे 74 ला 0.40 मिमी. दुसऱ्या रिंगेला थोडा जास्त, 0.45. नाहीतर दोन रिंगांमध्ये प्रेशर अडकून वरची रिंग उचलली जाते. घासताना कानस बाहेरून आत चालवा, उलटी चालवली तर कोटिंग उडते. एक मोजली आणि बाकीच्या तशाच असतील, असं मानू नका. सगळ्या मोजा आणि मापं कागदावर लिहा. माप फायनल होनिंगनंतरचंच (होनिंग म्हणजे बोअर दगडानं शेवटचा घासणं). पुन्हा होन केलं तर पुन्हा मोजा.

होनिंगनंतर बोअर गरम पाण्यानं, साबण आणि ब्रशनं धुवा. डिझेलनं होनिंगची कच निघत नाही. पांढरं फडकं तेलात बुडवून फिरवा, काळं निघतंय तोवर पुन्हा धुवा. मग लगेच तेल लावा. उन्हाळ्यात कूलरसमोर उघडा बोअर ठेवलात तर दमट हवेनं त्यावर गंज धरतो. आणि हो, पिस्टन आत जाण्याआधी रिंगांच्या मापाचा कागद पुन्हा पाहा. रिकामी जागा दिसली तर तो पिस्टन बाहेरच ठेवा.

टर्बोची तेल-परत नळी जाड आणि सरळ उताराची, सम्पमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या वर जोडलेली. इंजेक्टर, पेट्रोल पंप, वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर), ट्यून होणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे टर्बो घेतानाच घ्या. प्लग एका पायरीनं कोल्ड, गॅप 0.7 मिमी. पहिल्या स्टार्टआधी कॉइल काढून तेलाचं प्रेशर येईपर्यंत क्रँक करा. पहिले 1000 किमी बूस्ट नाही, मग तेल-फिल्टर बदला. डिसेंबरात केलेला ट्यून मेमध्ये पुन्हा तपासा. बाहेरची हवाच 45 अंशांची असते, इंटरकूलर तिच्याहून थंड करू शकत नाही आणि नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून होणारी ठोकठोक) तिथंच सुरू होते. रस्त्यावर चालवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विम्याची पॉलिसी टर्बोचे पैसे देण्याआधी वाचा.