चेक भाषेतली तारीख: आकड्यामागचा टिंब वाचायचा कसा?

चेक भाषेत तारीख २८. १०. १९१८ अशी लिहितात, टिंबानंतर जागा सोडून. तो टिंब म्हणजे आपला ‘वा’: २८. म्हणजे ‘अठ्ठाविसावा’. टिंब गाळला तर ती नुसती संख्या राहते.

बोलताना दिवस आणि महिना दोन्ही षष्ठीत जातात. म्हणून चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेची ही तारीख ‘द्वात्सातेहो ओस्मेहो र्झीयना’ अशी वाचतात, शब्दशः ‘ऑक्टोबरच्या अठ्ठाविसाव्याचा’. ‘विसावा’ आणि ‘आठवा’ दोघांनाही प्रत्यय लागतो. फक्त शेवटच्याला लावणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्यापेक्षा ‘ओस्मद्वात्सातेहो’ हा जोडशब्द मराठी जिभेला सोपा वाटेल, कारण ‘अठ्ठावीस’सारखा तोही आधी आठ, मग वीस म्हणतो.

शेवट बहुधा ‘एहो’. मात्र पहिला आणि तिसरा वेगळे: ‘प्र्व्नीहो’, ‘त्र्झेतीहो’. एकवीस, तेवीस, एकतीस सुटे वाचले तर तिथेही तेच.

महिन्यांत लेदेनचं (जानेवारी) लेदना होतं, पण लिस्तोपादचं (नोव्हेंबर) लिस्तोपादु, आणि झार्झी (सप्टेंबर) तसाच राहतो. खरा घोटाळा जून-जुलैचा: ‘चेर्वना’ जून, ‘चेर्वेन्त्से’ जुलै. भेट ठरवताना महिन्याचा आकडाही विचारून घ्यावा. आकड्याने बोलताना महिना प्रथमेत येतो: ५. १. म्हणजे ‘पातेहो प्र्व्नी’.

‘तारखेला’ मधल्या ‘ला’साठी वेगळा शब्द शोधू नका, षष्ठीतच तो आला. वर्षाला मात्र क्रमवाचक नाही, साधी संख्या: १९१८ म्हणजे ‘देवातेनात्स्त सेत ओस्मनात्स्त’.