जांभ्याच्या भिंतीशेजारी काच आणि टाइल बसवताना

कोकणातल्या जुन्या घराचं हॉटेल करायचं ठरलं की चर्चा साग कुठे, काच कुठे, टाइल कुठली यावरच रंगते. काम बिघडतं ते मात्र सांध्यात. जांभा ओल पितो आणि सोडतो, साग पावसाळ्यात फुगतो. काच आणि टाइल जागच्या हलत नाहीत. म्हणून जुन्याला हलायला जागा ठेवायची, हे आधी सुताराला आणि गवंड्याला बजावून सांगा.

भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून टाका. सिमेंटमुळे ओल आत कोंडते, क्षार गिलाव्यामागे साठतात, लोणा धरतो आणि पोपडे सुटतात. उघडी भिंत पावसाळ्यानंतर निदान दोन महिने सुकू द्या. मग नव्या गिलाव्यासाठी १ भाग मुरवलेला चुना आणि ३ भाग चाळलेली नदीची वाळू. खारी वाळू अजिबात नको. भिंत भिजवून १० मिमीचा पहिला हात द्या, दुसरा आठवड्याने. मधल्या काळात ओली गोणपाटं लटकवून ऊन अडवा, नाहीतर बारीक भेगा पडतात. वर रंगही चुन्याचाच. प्लास्टिक पेंट लावला तर ओल पुन्हा कोंडलीच.

बाथरूमची टाइल थेट जांभ्यावर चिकटवू नका. भिंतीपासून ५० मिमी सोडून जमीन आणि छताला धरून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) चॅनेलचा सांगाडा उभा करा. त्यावर सिमेंट बोर्ड, बोर्डाच्या सांध्यांवर जाळीची पट्टी, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मग टाइल. पोकळीला शॉवरपासून लांब, खाली आणि वर झरोके ठेवा. पाइपही याच पोकळीतून जातात, त्यामुळे जुनी भिंत फोडावी लागत नाही.

जुन्या सागाच्या फळीवरून रंधा फिरवण्याआधी लोहचुंबक फिरवा. एक मोडका खिळा पातं घालवतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका: ओला करून खरवडा, मास्क लावा. मग फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचा आणि ज्या खोलीत लावायच्या तिथेच, एसी चालू ठेवून, तीन आठवडे ठेवा. हे टाळलं की टेबलाची फळी फाटते. लोखंडी सांगाड्यावर फळी बसवताना भोकं लांबट पाडा. साधे लोखंडी स्क्रू ओल्या सागात काळे डाग सोडतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या, समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे.

काच सगळ्यात शेवटी. जुनी भिंत ओळंब्यात नसतेच. तिच्या उंचसखलपणाप्रमाणे सागाची पट्टी तासून बसवा, मग रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही, त्यामुळे बिजागऱ्यांच्या जागा ऑर्डरआधीच पक्क्या हव्यात. कडेला ५ मिमी फट सोडून न्यूट्रल सिलिकॉन भरा. आंबट वासाचं सिलिकॉन चुन्याला धरत नाही, काही दिवसांत सोलून येतं.

जमिनीवर शहाबादी आणि नवी टाइल भेटते तिथे जाडीतला फरक खालच्या थरात भरून काढा आणि मध्ये पितळी पट्टी घाला. शहाबादी हा चुनखडी दगड आहे. अ‍ॅसिडच्या क्लीनरने त्यावर कायमचे पांढरे डाग पडतात. सफाई कर्मचाऱ्यांना न्यूट्रल साबणच द्या आणि अ‍ॅसिडची बाटली त्या मजल्यावर ठेवूच नका.