‘इश्यू’चे अर्थ आणि समानार्थी शब्द : या चुका टाळा

‘इश्यू’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात ‘अडचण’ या एकाच अर्थाने रुळला आहे. ‘नेटवर्कचा इश्यू आहे’, ‘तब्येतीचे इश्यूज आहेत’ असे आपण सहज म्हणतो आणि त्या सवयीमुळे इंग्रजी मजकुरात हा शब्द दिसला की मनात आधी ‘प्रॉब्लेम’च येतो. बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे. ‘बाहेर जाणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘एक्झिट’ हा शब्दही त्याच मुळातला. छापून बाहेर पडलेला अंक, कार्यालयातून निघालेला आदेश, वंशात पुढे जन्मलेली संतती आणि वादातून निघालेला मुद्दा हे सगळे ‘इश्यू’च होत. ‘अडचण’ हा अर्थ या शब्दाला फार उशिरा चिकटला.

या गोंधळाचा ठळक नमुना जुन्या मृत्युपत्रांत आणि वंशावळींत सापडतो. तिथे ‘ही डाइड विदाउट इश्यू’ असे वाक्य आले, तर ‘त्याला कसलाही त्रास न होता मरण आले’ असा अर्थ लावणारे वाचक भेटतात. प्रत्यक्षात तो माणूस निःसंतान वारला, एवढेच त्या वाक्यात सांगितलेले असते. या अर्थाने हा शब्द एकवचनातच राहतो. मुले चार असली तरी ‘इश्यूज’ होत नाही. इथे समानार्थी म्हणून ‘ऑफस्प्रिंग’ किंवा ‘चिल्ड्रेन’ असे संततीवाचक शब्दच चालतात, ‘प्रॉब्लेम’ नाही.

दुसरी चूक समानार्थी शब्दांची यादी वाचण्याच्या पद्धतीत आहे. कोशात ‘इश्यू’पुढे ‘प्रॉब्लेम’, ‘टॉपिक’, ‘एडिशन’, ‘रिलीज’, ‘ऑफस्प्रिंग’ असे शब्द रांगेने दिलेले असतात आणि ते एकमेकांच्या जागी बसतील असे वाचणारा गृहीत धरतो. पीटर मार्क रॉजे यांनी 1852 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पर्यायकोशात शब्दांची मांडणी वर्णानुक्रमाने नव्हे, तर कल्पनांनुसार केलेली होती. त्यामुळे तिथे एकच शब्द अर्थागणिक वेगवेगळ्या गटांत येतो. वर्णानुक्रमाच्या यादीत हे गट एकाच ओळीत येतात, आणि घाईत वाचणाऱ्याला त्यांच्या सीमा दिसत नाहीत. ‘द मार्च इश्यू ऑफ द मॅगझिन’ या शब्दसमूहात ‘प्रॉब्लेम’ बसवून पाहिला, की यादीवर डोळे झाकून विसंबल्याने काय होते ते लगेच कळते.

नियतकालिकांच्या संदर्भातही थोडे जपावे लागते. ‘इश्यू’ म्हणजे अंक, ‘व्हॉल्यूम’ म्हणजे खंड किंवा वर्ष, ‘एडिशन’ म्हणजे आवृत्ती आणि ‘कॉपी’ म्हणजे प्रत. एकाच अंकाच्या हजारो प्रती निघतात, म्हणून ‘मागच्या महिन्याचा अंक’ असे सांगायचे असताना ‘लास्ट मंथ्स कॉपी’ लिहिणे नेमके नाही. पुस्तकाच्या आवृत्तीला मात्र ‘इश्यू’ म्हणू नये.

‘प्रॉब्लेम’ आणि ‘इश्यू’ यांच्यातला फरक अधिक सूक्ष्म आहे आणि माझ्या मते सर्वाधिक लक्ष इथेच द्यायला हवे. प्रॉब्लेमला उत्तर असते किंवा ते असावे अशी अपेक्षा असते. गणितातल्या उदाहरणाला कोणी ‘इश्यू’ म्हणत नाही. इश्यूला बाजू असतात, त्यावर मतभेद होऊ शकतो, आणि म्हणूनच न्यायालयात निर्णयासाठी ठरवलेल्या वादमुद्द्यांना ‘इश्यूज’ म्हणतात. सोबत येणारी क्रियापदेही त्यानुसार बदलतात: प्रॉब्लेम ‘सॉल्व्ह’ करतात, इश्यू ‘रेझ’ करतात, ‘ॲड्रेस’ करतात, ‘रिझॉल्व्ह’ करतात. ‘रेझ’च्या जागी ‘राइज’ लिहिणे आणि ‘डिस्कस द इश्यू’मध्ये उगाच ‘अबाउट’ घुसडणे, या दोन चुका तर नेहमीच्याच. कार्यालयीन पत्रव्यवहारात ‘प्रॉब्लेम’ हा शब्द खटकतो म्हणून सरसकट ‘इश्यू’ लिहिण्याची प्रथा पडली आहे. पण यंत्र बंद पडले असेल, तर सरळ ‘प्रॉब्लेम’ किंवा ‘फॉल्ट’ लिहिणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

वाक्प्रचारांत शब्दशः अर्थ लावला, की हमखास फसगत होते. ‘टेक इश्यू विथ’ म्हणजे एखाद्याच्या म्हणण्याशी असहमती नोंदवणे. त्यात अडचण ‘घेण्याचा’ काही संबंध नाही. ‘मेक ॲन इश्यू ऑफ’ म्हणजे बाऊ करणे, आणि ‘ॲट इश्यू’ म्हणजे ज्यावरून वाद चालू आहे ते.

क्रियापद म्हणून हा शब्द वापरताना देणारा कोण आहे ते पाहावे. नोटीस, परवाना, पासपोर्ट, इशारा, निवेदन या गोष्टी ‘इश्यू’ केल्या जातात, कारण त्यामागे अधिकार किंवा औपचारिकता असते. ग्रंथालय पुस्तक ‘इश्यू’ करते. मित्राने वाचायला दिलेले पुस्तक मात्र ‘लेंड’ केलेले असते. नोटीस लोकांसमोर छापून आली असेल तर ‘पब्लिश’ चालेल, परवान्यासाठी ‘ग्रँट’ चालेल, पण या दोहोंची अदलाबदल करता येणार नाही. वाक्यात नेमका कोणता अर्थ आहे हे कळत नसेल, तर आधी शब्द नाम आहे की क्रियापद ते ठरवावे, मग त्याच्या मागचे क्रियापद आणि पुढचे शब्दयोगी पद पाहावे. ‘विथ’, ‘टू’, ‘फ्रॉम’ किंवा ‘ऑफ’ यांतले काय आले आहे, यावरून बहुतेक वेळा उलगडा होतो.

उच्चार ‘इश्यू’ करावा की ‘इस्यू’, यावर वाद घालण्याचे कारण नाही, दोन्ही चालतात. आरंभी स्वर असल्याने त्याआधी ‘अ’ नव्हे, तर ‘ॲन’ यावे, एवढे मात्र सांभाळावे.