चवथीला घरी जायचे आहे आणि निवास परवान्याचा अर्ज प्रलंबित आहे

जर्मनीत शिकणाऱ्या गोव्याच्या मुलामुलींकडून दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास मला एकच विचारणा होते. निवास परवान्याची मुदत संपत आली आहे, नूतनीकरणाचा अर्ज केलेला आहे, निर्णय अजून आलेला नाही. अशा स्थितीत चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी जाऊन परत येता येईल का? 2023 साली मी स्वतः या पेचातून गेलो. माझा परवाना 31 ऑगस्टपर्यंतचा होता, प्रबंध अपुरा होता आणि चवथ 19 सप्टेंबरला होती. आमच्या फोंड्याच्या घरी माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधण्याचे काम आजोबांनंतर माझ्याकडे आलेले, त्यामुळे दोन वर्षे चुकलेली चवथ तिसऱ्यांदा चुकवण्याची माझी तयारी नव्हती.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. अर्ज प्रलंबित असताना त्या देशात राहण्याची मुभा असणे आणि बाहेर जाऊन परत येण्याची मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मुभा बहुतेक देश वेळेत अर्ज करणाऱ्याला देतात. दुसरी प्रत्येक देशात निराळ्या रीतीने मिळते, आणि काही ठिकाणी मिळतच नाही.

जर्मनीत याचे नियम निवास कायद्याच्या 81 व्या कलमात आहेत. जुन्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. त्याचा पुरावा म्हणून विदेशी नागरिक कार्यालय एक दाखला देते. त्याला जर्मनमध्ये ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’ म्हणतात. आपली मुले नुसते ‘फिक्शन’ म्हणतात. ऑनलाइन अर्ज केल्यावर आपोआप येणारा पोचेचा ई-मेल म्हणजे हा दाखला नव्हे. मलाही प्रथम तो ई-मेलच पुरेसा वाटला होता, पण तो छापून सीमेवर दाखवल्यास काहीही उपयोग होत नाही. दाखला वेगळा मागावा लागतो. मी ‘19 सप्टेंबरच्या धार्मिक सणासाठी भारतात जायचे आहे’ असे स्पष्ट लिहून, तिकिटाचा मसुदा जोडून तो मागितला, 13 युरो शुल्क भरले आणि ऑगस्टच्या मध्यावर तो माझ्या हाती आला.

हा दाखला घडीचा असतो. त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात आणि त्यांपैकी एकावर खूण केलेली असते. पहिल्या चौकोनाचा अर्थ असा की वास्तव्य वैध मानले जात आहे. दुसऱ्याचा अर्थ, देशाबाहेर काढण्याची कारवाई तूर्त थांबवलेली आहे. तिसऱ्याचा अर्थ, जुना परवाना पुढे चालू असल्याचे मानले जात आहे. येथे 81 व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाचा उल्लेख असतो. परत येण्याचा हक्क फक्त या तिसऱ्या खुणेने मिळतो. तिकीट काढण्यापूर्वी हे पान उघडून, खूण कोणत्या चौकोनावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ‘फिक्शन मिळाले’ एवढ्यावर विसंबून कोणीही विमानात बसू नये.

सत्तरी तालुक्यातल्या माझ्या एका मित्राने मुदत संपल्यानंतर तीन आठवड्यांनी अर्ज केला. परीक्षांच्या धावपळीत तारीख राहून गेली, एवढेच कारण होते. त्याच्या दाखल्यावर दुसऱ्या चौकोनात खूण होती. त्याच हिवाळ्यात त्याची आजी अंथरुणाला खिळली, आणि गेला असता तर त्याला परतीसाठी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे नव्याने व्हिसा मागावा लागला असता. गोवा त्यांच्याच कार्यक्षेत्रात येतो. तेवढ्यात सत्र बुडाले असते, म्हणून तो गेला नाही. आजीचे शेवटचे दर्शन त्याला मोबाईलवर घ्यावे लागले. त्या तीन आठवड्यांची किंमत मी जवळून पाहिली आहे, म्हणून नव्या मुलांना मी हात जोडून सांगतो की परवान्याची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि तिच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा.

खूण योग्य असली तरी दाखल्याला स्वतःची मुदत असते आणि परतीचा प्रवास तिच्या बराच आत असावा. माझा दाखला नोव्हेंबरअखेरपर्यंत होता आणि मी 2 ऑक्टोबरला परतलो. सोबत पासपोर्ट, मुदत संपलेले जुने परवाना-कार्ड आणि दाखला ही तिन्ही मूळ कागदपत्रे हवीत. जुने कार्ड निरुपयोगी समजून खोलीवर ठेवणारे मला भेटले आहेत. दाखला जुन्या परवान्यालाच पुढे चालवतो, तेव्हा ते कार्ड नसेल तर तो अपुरा पडतो.

मार्गाचाही विचार करावा. आखाती देशात विमान बदलताना विमानतळाबाहेर पडायचे नसेल तर आपल्याला व्हिसा लागत नाही. लंडनमार्गे जाताना मात्र ब्रिटनचे स्वतःचे नियम आड येतात. युरोपात उतरताना शक्यतो जर्मन विमानतळच निवडावा, कारण हा दाखला रोज पाहणारा अधिकारी तिथेच भेटतो.

खरी कसोटी मात्र गोव्याच्या दाबोळी विमानतळावर लागली. परतीच्या रात्री काउंटरवरच्या मुलीने कार्डावरची 31 ऑगस्ट ही तारीख पाहिली आणि पासपोर्ट बाजूला ठेवला. दाखला जर्मन भाषेत, तिने तो पूर्वी पाहिलेला नव्हता. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेल्यास विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे तिची भीती रास्त होती. मी तिसरे पान उघडून खुणेवर बोट ठेवले आणि कलमाच्या अधिकृत इंग्रजी भाषांतराचा छापील कागद तिच्यापुढे ठेवला. ती वरिष्ठांकडे गेली, त्यांनी कुठे कुठे फोन केले, आणि सुमारे चाळीस मिनिटे मी बाजूला उभा राहिलो. बाहेर काचेपलीकडे आई अजून थांबली होती. तिला हात करून सगळे ठीक असल्याचे सांगत होतो, पण माझे लक्ष घड्याळावर होते. शेवटी बोर्डिंग पास मिळाला. तो इंग्रजी कागद नसता तर त्या रात्रीचे विमान चुकले असते असे मी आजही मानतो. विमानतळावर तीन तासांऐवजी चार तास आधी पोहोचावे.

इतर देशांचे नियम वेगळे आहेत, आणि जर्मनीतल्या मित्राच्या अनुभवावर तिथले निर्णय घेऊ नयेत. ब्रिटनमध्ये मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. अपवाद फक्त आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटांचा. ऑस्ट्रेलियात ब्रिजिंग व्हिसा (अर्ज प्रलंबित असतानाचा तात्पुरता व्हिसा) ‘ए’वर बाहेर गेल्यास त्याच्या आधारे परत येता येत नाही, निघण्यापूर्वी, देशात असतानाच, ब्रिजिंग व्हिसा ‘बी’ घ्यावा लागतो. अमेरिकेत ग्रीन कार्डाचा आय-485 अर्ज प्रलंबित असताना ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता बाहेर गेल्यास अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. नोकरीसाठीच्या व्हिसाचा वैध एच-1बी किंवा एल-1 दर्जा असलेल्यांना त्यातून सवलत आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जर्मन कार्यालये अजूनही टपालाने पत्रे पाठवतात आणि त्यांत उत्तराची अंतिम तारीख असते. निघताना मी टपालपेटीची किल्ली माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाकडे दिली होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने एका पत्राचा फोटो पाठवला: आरोग्य विम्याचे ताजे प्रमाणपत्र दहा दिवसांत हवे होते. माटोळीच्या सुपाऱ्या आणि नारळ उतरवता उतरवता मी विमा कंपनीला ई-मेल लिहिला, आणि प्रमाणपत्र सातव्या दिवशी कार्यालयात पोहोचले. नवे कार्ड नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले.