कुंडीचं बुड सपाट येतंय? बागेतल्या वस्तूंचं स्केचिंग करताना या चुका टाळा

एकेकाळी गुलशनाबाद म्हणवलेल्या नाशिकमध्ये स्केचबुक उघडून थेट गुलाबासमोर बसावंसं वाटणं साहजिक आहे. पण सुरुवातीला गुलाब नको. पाकळ्यांच्या गुंत्यात आकार चुकला तरी लक्षात येत नाही. कुंडीत लगेच येतो, म्हणून आधी कुंडी काढा.

सगळ्यात मोठा घोटाळा काठाचा. काठ गोल आहे हे ठाऊक असतं, म्हणून हात तो दिसतो त्यापेक्षा गोल काढतो. कुंडी जमिनीवर सपाट टेकलीय हेही ठाऊक असतं, म्हणून बुडाला सरळ रेघ मारतो. दोन्ही चूक. स्टीलचा पेला डोळ्यांसमोर धरून बघा. अगदी डोळ्यांच्या पातळीवर त्याचा काठ नुसती आडवी रेघ दिसतो, आणि पेला खाली न्याल तसा तो लंबगोल फुगत जातो. म्हणजे जमिनीवरच्या कुंडीचं बुड काठापेक्षा जास्त वाकलेलं दिसणार. लंबगोलाची टोकं अणकुचीदार होत असतील तर कुंडी काचेची आहे असं समजा, मागची न दिसणारी बाजूही हलकेच काढा आणि नंतर खोडा. हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवा. आठवडाभर एवढंच करा. कंटाळा येईल, पण पुढे बादली, पिंप, तुळशीची कुंडी सगळं यातूनच सुटतं.

झारीची कडी आणि तोटी वेगवेगळी काढून पोटाला चिकटवली की ती उपरी दिसतात. त्याऐवजी कडी आणि पोट यांच्यामधली पोकळी आधी काढा. पेन्सिलीने माप घेताना एक डोळा मिटा आणि हात ताठ ठेवा. कोपर वाकलं की माप बदललं.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तास बसलात तर चित्रात झारीची सावली एकीकडे आणि खुरप्याची भलतीकडे पडते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच सावल्यांच्या कडा आखून टाका, मग त्या बदलू नका. हिवाळ्यात सकाळचं तिरपं ऊन सर्वांत चांगलं; भर दुपारी सगळं चपटं दिसतं.

नेहमीची एचबी पेन्सिल दाबून काळोख येत नाही, कागद चकाकतो. ४बी किंवा ६बी ही मऊ, गडद पेन्सिल घ्या, बोटाने घासू नका.

ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर द्राक्षबागेतली कात्री ओट्यावर पडलेली असेल तर तीही काढून बघा, पण उघडी ठेवून. पात्यांपासून सुरुवात केली तर मुठी हमखास भलतीकडे जातात. मधला स्क्रू आधी पक्का करा. दोन्ही पाती आणि दोन्ही मुठी तिथूनच निघतात.