इंग्रजीत 'वेड' कसं सांगायचं

मराठीत 'वेड' या एका शब्दावर पुष्कळ भागतं. पोराला फुटबॉलचं वेड असतं, प्रेमात माणूस वेडा होतो, सगळं शहर एखाद्या गायकापायी वेडं होतं. इंग्रजीत या प्रत्येक वेडाला वेगळा शब्द लागतो. समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. यादीत शब्द मिळतो. तो कुणाबद्दल वापरायचा आणि त्याच्यापुढे काय जोडायचं, हे मिळत नाही.

आधी वेड कुणाचं ते ठरवा. गर्दीचं असेल तर 'क्रेझ'. लवकरच ओसरेल असं वाटत असेल तर 'फॅड', पण त्यात थोडी नापसंती असते. 'मेनिया' बहुधा दुसऱ्या शब्दाच्या शेपटाला लागतो. नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या कंदांचे भाव भडकून १६३७ साली कोसळले, तो 'ट्यूलिपमेनिया'. पियानोवादक लिस्टच्या मैफलींना श्रोते बेभान व्हायचे, त्याला कवी हाइनेने १८४४ साली 'लिस्टोमेनिया' म्हटलं. १९६३ साली ब्रिटनमध्ये बीटल्स या बँडपायी 'बीटलमेनिया' आला. एकट्या माणसाच्या साध्या आवडीला हा शब्द फार मोठा होतो.

मग वेड किती ते पाहा. नुसती आवड असेल तर 'इंटू' किंवा 'कीन ऑन', जीव टाकण्याइतकी असेल तर 'क्रेझी', 'मॅड', 'नट्स', आणि डोक्यातून जातच नसेल तर 'ऑब्सेस्ड'.

आता खरी अडचण. शब्द बरोबर निवडला तरी त्याला जोडायचं शब्दयोगी अव्यय चुकतं आणि वाक्य फसतं. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. आपण 'तिच्यामागे वेडा' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'मॅड बिहाइंड हर' येतं. 'क्रिकेटमध्ये वेडा' डोक्यात असलं की 'मॅड इन क्रिकेट' येतं. दोन्ही चूक. मॅड, क्रेझी, नट्स या तिघांनाही 'अबाउट' लावा. 'शी इज क्रेझी अबाउट चेस.' बोलीत 'फॉर'ही ऐकू येतं, पण हात बसेपर्यंत 'अबाउट' सोडू नका.

'मॅड'शी विशेष जपून. 'मॅड ॲट हिम' म्हणजे त्याच्यावर चिडलेली, 'मॅड अबाउट हिम' म्हणजे त्याच्यावर भाळलेली. त्यातही 'मॅड अबाउट द डिसिजन' म्हटलं तर पुन्हा रागच. माणूस किंवा छंद असेल तर प्रेम आणि घडलेली गोष्ट असेल तर राग, एवढं धरून चाला. शंका आली तर 'क्रेझी' घ्या. 'क्रेझी अबाउट'मधून राग निघत नाही.

दुसरा सापळा असा की नाम आणि विशेषण यांचं अव्यय बदलतं. 'पॅशनेट अबाउट म्युझिक', पण 'अ पॅशन फॉर म्युझिक'. 'एन्थुझिॲस्टिक अबाउट', पण 'एन्थुझिॲझम फॉर'. 'ऑब्सेस्ड' आणि 'ऑब्सेशन' मात्र दोन्हीकडे 'विथ'च घेतात, 'ॲडिक्टेड' आणि 'ॲडिक्शन' दोन्हीकडे 'टू'. हा 'टू' पुढे क्रियापद आलं की घात करतो: 'ॲडिक्टेड टू रीड' नव्हे, 'ॲडिक्टेड टू रीडिंग'. नियम शोधत बसू नका, नियम नाही. जोडी एकच शब्द समजून तोंडात बसवा आणि वहीत 'ऑब्सेस्ड' असं सुटं कधीच लिहू नका, 'ऑब्सेस्ड विथ' असंच लिहा.

माणसाला नाव देताना 'फॅन' कुठेही चालतो. हा 'फॅनॅटिक'चाच आखूड अवतार, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांसाठी रूढ झालेला. मूळ 'फॅनॅटिक'ला मात्र धार आहे. 'फिटनेस फॅनॅटिक' ठीक, पण धर्म किंवा राजकारणाच्या संदर्भात तो सरळ 'माथेफिरू' होतो. नुसती आवडच नाही तर जाणकारीही असेल तर 'बफ' म्हणा, जसा 'फिल्म बफ'. न्यूयॉर्कमध्ये आगी पाहायला धावणाऱ्या हौशी लोकांना हे नाव आधी मिळालं, तिथल्या स्वयंसेवक अग्निशामकांच्या 'बफ', म्हणजे पिवळट-तपकिरी, रंगाच्या कोटांवरून. हा शब्द मला फार आवडतो. त्यात कौतुक आहे आणि अतिरेकाचा ठपका नाही. 'मेनिॲक' टाळा. तो बेफाम गाडी हाकणाऱ्याला शोभतो.

शेवटी, शब्द आजाराचा तर नाही ना, हे तपासा. 'मेनिया' ही बायपोलर आजारातली एक अवस्था आहे. 'क्लेप्टोमेनिया' आणि 'पायरोमेनिया' ही मनोविकारांची नावं आहेत. उत्साहाने सळसळणाऱ्या मैत्रिणीला 'मॅनिक' म्हणू नका. 'फुल ऑफ एनर्जी' म्हणा.