कोकणात राहून मॅरेथॉनची तयारी कशी करावी

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. तिची तयार वेळापत्रकं ढिगाने मिळतात, पण बहुतेक थंड, कोरड्या हवेतल्या धावकांसाठी केलेली असतात. आपल्याकडे घाम गळतो, वाळत नाही. आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. म्हणून वेळापत्रकातला वेग विसरा. पळताना सोबत्याशी सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, हेच माप धरा. चढावर बोलणं तुटलं की सरळ चाला, त्यात कमीपणा नाही.

पहिले १२ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं दहा वेळा. दर आठवड्याला पळणं अर्ध्या मिनिटाने वाढवा, चालणं तेवढंच. एकूण वेळ अर्ध्या तासाच्या आसपास राहू द्या. आठव्या आठवड्यानंतर चालणं कमी करत आणा आणि बाराव्यात अर्धा तास सलग पळा.

घोळ इथेच होतो. दम महिन्याभरात सुधारतो, पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला कित्येक महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर वाढवलं की नडगीची आतली बाजू दुखू लागते. पळणं निम्म्यावर आणा. हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखत असेल आणि चालतानाही कळ येत असेल तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदला. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुऊन, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.

कुठे पळावं

सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचा, रस्ता सपाट, पण सावली नाही, उजाडताच निघा. काळोखात निघालात तर विजेरी हवीच, कारण फुरसं हा विषारी साप बहुतेक रात्रीच बाहेर पडतो आणि कातळाच्या रंगात मिसळून जातो. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) टाळा. एरवी पाखाडी चढणं म्हणजे फुकटची व्यायामशाळा: आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चढा, उतरताना मात्र चाला. उतारावर पळताना मांड्यांना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो आणि पुढचे दोन दिवस जिना नकोसा होतो.

पुळणीवर पळायचं तर ओल्या, घट्ट वाळूवर. भुसभुशीत वाळूत टाच रुतते आणि पोटरी, टाचेमागची शीर धरते. घट्ट वाळू कधी मिळेल ते तिथीवरून काढता येतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते: तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. म्हणजे तृतीयेला सकाळी साडेआठच्या सुमारास पाणी सर्वांत मागे. साडेसहाला निघालात की वाळू उघडी मिळते. अष्टमीला मात्र भल्या सकाळीच भरती, त्या दिवशी रस्ता धरा. रत्नागिरी-मालवणकडे भरती या हिशेबापेक्षा थोडी आधी येते. पुळण समुद्राकडे उतरती असल्याने एक पाय सतत खाली पडतो. जितकं जाल तितकंच त्याच वाटेने परत या, म्हणजे दोन्ही पायांची फिटंफाट होते.

शेवटचे १८ आठवडे

शून्यापासून निघालात तर वर्ष द्या. मुंबईची मॅरेथॉन साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. १८ आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरचा मध्य येतो. तोवर रविवारी १५ किलोमीटर जमायला हवेत. (गणपतीत एक आठवडा बुडणारच. तो भरून काढायला पुढच्या आठवड्यात दुप्पट पळू नका.)

मंगळवारी ८ किलोमीटर सावकाश, गुरुवारी एका चढावर एक-एक मिनिटाच्या सहा ते आठ धावा, शनिवारी ५ किलोमीटर, रविवारी लांब धाव. लांब धाव दर आठवड्याला २ किलोमीटरने वाढवा, दर चौथ्या आठवड्यात दोन-तृतीयांशावर आणा. ३० किलोमीटर एकदा-दोनदाच, तेही स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपर्यंत. मग उतरतं: २०, १२, स्पर्धा.

खाणंपिणं

निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, किंवा केळं. दीड तासाहून लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, नाहीतर तिशीच्या किलोमीटरला साठा संपून पाय जड होतात. काय पचतं ते रविवारीच आजमावा.

पाणी किती, हे वजनावरून ठरतं. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. सगळा लगेच भरून काढायची गरज नाही, पण वजन वाढलं तर पाणी जास्त झालं, आणि रक्तातलं सोडियम उतरणं धोक्याचं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. चिमूटभर मीठ टाका. कोकम सरबत मीठ-साखर घालून उत्तम, सोलकढी मात्र धावून आल्यावरच. ऊन असताना अंगावर काटा आला, थंडी वाजली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा, सावलीत बसा, मानेवर पाणी ओता.

जांघा आणि काखांना खोबरेल लावून निघा, नाहीतर घामाने सोलवटतात. स्पर्धेला नवा बूट, नवा मोजा नको. पहिले १० किलोमीटर मुद्दाम हळू जा. मुंबईच्या मार्गावर परतीला पेडर रोडची चढण लागत आली आहे. तिथे पावलं आखूड करा आणि श्वास तुटला तर माथ्यापर्यंत चालत जा.